नाईलकाठच्या नुबियन गावात रिट्रीटला जाताय? आधी ओटा, मग नदी, कॅमेरा सगळ्यात शेवटी

अस्वानला रिट्रीट करून आलेल्या ओळखीच्या लोकांकडून एक तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता पुढचं वाक्य मीच पूर्ण करते. “पहिल्या दिवशी गावातले लोक किती प्रेमळ होते, तिसऱ्या दिवसापासून नुसता सलाम करायला लागले.” मग मी विचारते, पहिल्या दिवशी काय केलंत? उत्तर ठरलेलं असतं. सामान टाकलं, गच्चीवर जाऊन फोटो काढले, नदीत पाय बुडवले, संध्याकाळी गल्लीतून फेरफटका मारला. शेजारच्या ओट्यावर बसलेल्या आजींना सलाम केलात का? तो राहून गेला.

यातली एकही गोष्ट वाईट नाही, फक्त क्रम उलटा झाला. म्हणून हा लेख क्रमाचा आहे. उदाहरण इजिप्तमधल्या अस्वानचं घेतलं आहे, कारण नुबियन, म्हणजे दक्षिण इजिप्त आणि उत्तर सुदानमधल्या नाईलकाठच्या मूळ लोकांच्या, गावात राहून योग-ध्यानाचं शिबिर करायला आपल्याकडचे लोक जास्त करून तिथेच जातात.

## टप्पा १: गाव निवडा, खोली नंतर

“नुबियन व्हिलेज” असं म्हणून जाहिरात केली जाते, पण ते काही एकच गाव नाही. राहण्यासाठी साधारण तीन पर्याय समोर येतात आणि तिघांचा स्वभाव वेगळा आहे.

गर्ब सोहेल पश्चिम काठावर आहे. घरं रंगीत, बाजार मोठा, उंट, मसाल्यांची दुकानं. पर्यटकांच्या बोटी इथेच येतात. दुपारपासून संध्याकाळपर्यंत गजबज असते, सकाळी गाव आपलं आपल्याला परत मिळतं. मौनाचं शिबिर इथे बाजारालगतच्या घरात घेणं म्हणजे तुळशीबागेत विपश्यना.

एलिफंटाइन बेट अस्वान शहराच्या अगदी समोर, नदीच्या मधोमध आहे. सिऊ आणि कोती अशी दोन गावं, मोटारी नाहीत, पायवाटा आणि भाजीचे वाफे. शहरात जायला लोकांची रोजची फेरीबोट आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी हेच सुचवते.

हैसा हे बेट अस्वानच्या दोन धरणांच्या मधल्या पाण्यात आहे. शांत, लहान, आणि प्रत्येक वस्तू बोटीने येते. इथे पाहुणा लपत नाही. तुम्ही किती वाजता उठलात हेही गावाला ठाऊक असतं.

तपासा: जाहिरातीत गावाचं नाव आहे का? नुसतं “नुबियन अनुभव, नाईल व्ह्यू” एवढंच असेल तर नाव विचारा. न सांगणाऱ्याकडे बुकिंग करू नका.

## टप्पा २: तारखा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे. दिवसा तापमान पंचविशीच्या आसपास, रात्री मात्र दहा अंशांपर्यंत उतरतं आणि नदीवरचा वारा बोचतो. मे ते सप्टेंबर पारा चाळिशी पार करतो, तेव्हा गच्चीवरचा योग विसरा.

दोन गोष्टी कॅलेंडरवर आधी खूण करून ठेवा. पहिली, रमजान. सध्या तो याच थंडीच्या हंगामात येतो आहे. २०२७ मध्ये तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होईल, नेमका दिवस चंद्रदर्शनावर. रमजानात जाऊ नये असं अजिबात नाही, इफ्तारला बोलावणं आलं तर ती संध्याकाळ विसरणार नाही. पण दिवसा उपास करणाऱ्या बाईकडून तुमच्या गटासाठी अकरा वाजता नाश्ता आणि दोनला जेवण करून घेणं बरं दिसत नाही. तेव्हा वेळापत्रकच बदलावं लागतं.

दुसरी, २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबर. या दोन दिवशी अबू सिंबेलच्या प्राचीन मंदिराच्या गाभाऱ्यात सूर्यकिरण पोहोचतात आणि अस्वानमध्ये खोल्या, गाड्या, बोटी सगळ्यांची ओढाताण होते. शांतता हवी असेल तर पुढेमागे दोन-तीन दिवस सोडा.

## टप्पा ३: पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

हे प्रश्न आयोजकाला लेखी पाठवा. फोनवरची “हो हो, सगळं होईल” ही उत्तरं कामाची नाहीत.

१. घर कुणाचं आहे? मालक त्याच गावचे आहेत, की बाहेरच्याने भाड्याने घेतलं आहे?
२. स्वयंपाक कोण करतं, आणि त्यांना आमच्या पैशातून वेगळे पैसे मिळतात का?
३. सरावाची जागा शेजारच्या अंगणातून दिसते का?
४. जवळची मशीद किती अंतरावर आहे? (हा प्रश्न तक्रारीसाठी नाही, वेळापत्रकासाठी. कारण टप्पा ७ मध्ये.)
५. परदेशी पाहुणे ठेवण्याचा परवाना आहे का? पासपोर्टची प्रत मागतील, ती द्यायचीच असते.
६. कचरा कुठे जातो?

तिसऱ्या प्रश्नाला “व्ह्यू एकदम मोकळा आहे” असं उत्तर आलं तर समजून घ्या की तुम्हालाही सगळे मोकळेपणाने पाहू शकतात.

व्हिसाचं काम निघण्याआधी करून ठेवा. मुंबईत इजिप्तचा वाणिज्य दूतावास आहे. चालू नियम तिथूनच घ्या, गटातल्या कुणाच्या भाच्याच्या अनुभवावरून नको.

## टप्पा ४: बॅग

कपडे सैल, खांदे आणि गुडघे झाकणारे. आपला साधा सुती पंजाबी ड्रेस, कुर्ता-पायजमा इथे उत्तम चालतो. डोकं झाकायची सक्ती नाही, पण एक ओढणी कायम जवळ हवी. उन्हाला, वाळूला आणि कुणाच्या घरी जाताना. लेगिंग आणि टी-शर्टवर योग करणार असाल तर खोलीतून सरावाच्या जागेपर्यंत वरून लांब कुर्ता.

चाकांची सूटकेस वाळूत आणि बोटीच्या फळीवर शत्रू होते. पाठीवरची पिशवी न्या.

औषधांची चिठ्ठी जवळ ठेवा. ट्रॅमाडॉल हे आपल्याकडे डॉक्टर सहज लिहून देतात ते वेदनाशामक इजिप्तमध्ये कडक नियंत्रणाखाली आहे, त्यावरून तिथे परदेशी पाहुण्यांना तुरुंग घडला आहे. पाठदुखीवर काय घेता ते आधी बघा. विमान दुबई किंवा अबू धाबीमार्गे असेल तर खसखस घातलेला मसाला घरीच ठेवा, अमिरातीत खसखशीला बंदी आहे.

इशारा: ड्रोन नेऊ नका. इजिप्तमध्ये परवानगीशिवाय ड्रोन आणता येत नाही, विमानतळावरच जप्त होतो आणि चौकशी मागे लागते. “लहानसाच आहे” हे कारण तिथे कुणी ऐकून घेत नाही.

भेट न्यायची असेल तर चांगली उदबत्ती किंवा धूप न्या. नुबियन घरांतून बखूर, म्हणजे सुगंधी धुरी, नेहमीची आहे, त्यामुळे उदबत्ती त्यांना परकी वाटत नाही. मूर्तीचं चित्र असलेला पुडा मात्र टाळा. भेट घरातल्या बाईंच्या हाती, उजव्या हाताने. पोरांना गल्लीत चॉकलेटं आणि पेनं वाटत सुटू नका. पुढच्या पाहुण्याला ती पोरं पेन मागतात आणि आईबापांची मान खाली जाते.

## टप्पा ५: पोहोचणं

कैरोहून अस्वानला विमानाने दीड तासाच्या आत पोहोचता येतं. रात्रीची आगगाडीही आहे, बारा-तेरा तास धरा. काहीही घ्या, पण गावात उजेडी पोहोचा. अंधारात बोटीतून उतरून, बॅटरी मारत, दारोदार घर शोधत जाणारा परदेशी गट कुठल्या गावाला आवडेल?

खासगी बोट घेत असाल तर भाडं चढण्याआधी ठरवा आणि ते माणशी की अख्ख्या बोटीचं हे स्पष्ट करून घ्या. “बिकाम?” म्हणजे कितीला. लोकांच्या फेरीबोटीत बसण्याआधी क्षणभर थांबा. बायका एका भागात, पुरुष दुसऱ्या भागात अशी रीत असते. जोडप्याने एकत्र बसण्याचा हट्ट धरू नये, पाचच मिनिटांचा प्रवास आहे.

खिशात सुट्या इजिप्शियन पौंडांच्या नोटा हव्यात. मोठी नोट पुढे करून सुटे मागणं हा फेरीबोटवाल्याचा छळ आहे, आपल्या एसटीच्या कंडक्टरला विचारा.

## टप्पा ६: पहिले चोवीस तास

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे थांबू.

नुबियन घराच्या दर्शनी भिंतीला लागून मातीचा किंवा सिमेंटचा बसका ओटा असतो. त्याला मस्तबा म्हणतात. आपल्या पडवीचं जे काम, तेच त्याचं. संध्याकाळी घरचे, शेजारचे, वाटेने जाणारे सगळे तिथे टेकतात. गल्ली सार्वजनिक वाटली तरी मस्तब्यासमोरून जाणं म्हणजे कुणाच्या तरी बैठकीसमोरून जाणं आहे. मान खाली घालून मोबाइल बघत गेलात तर तो उद्धटपणा ठरतो.

क्रम असा ठेवा.

पहिलं, सामान टाकल्यावर यजमानांना सांगा: “आम्हाला शेजाऱ्यांना सलाम करायचा आहे.” ते स्वतः दोन-चार घरी घेऊन जातील. एवढ्या अर्ध्या तासात तुम्ही “हॉटेलातले लोक” न राहता “अमक्यांचे पाहुणे” होता. पुढच्या आठ दिवसांचं निम्मं काम इथेच होतं.

दुसरं, “अस्सलामु अलैकुम” प्रत्येक मस्तब्याला. नुबियन भाषेतलं “मस्कग्ना” म्हणून पाहा, समोरचा चेहरा उजळतो. अरबी आणि नुबियन या वेगळ्या भाषा आहेत आणि हा फरक तुम्हाला माहीत आहे, हेच त्यांना पुष्कळ वाटतं. वयस्क पुरुषाला “या हाग्ग”, बाईला “या हाग्गा”. आपल्या आजोबा-आजींच्या जागी. पुरुषांनी बाईपुढे हात पुढे करू नये. तिने केला तर मिळवा, नाहीतर छातीवर उजवा हात ठेवून मान लववा.

तिसरं, चहा. बसा म्हटलं की बसा. पहिला चहा नाकारू नका. साखर भरपूर असते. कमी हवी तर “सुक्कर खफीफ”. दुसरा पेला नको असेल तर छातीवर हात आणि “शुक्रन”. जबाना, म्हणजे मातीच्या सुरईतली मसालेदार कॉफी, पुढे आली तर ती घाईत संपवायची नसते. पंधरा मिनिटं काढून ठेवा.

चौथं, चपला. अंगणात कित्येकदा वाळूच पसरलेली असते, तिथे चालतात. चटई किंवा गालिचा आला की काढायच्या.

तुम्ही भारतीय आहात हे कळताच बहुतेक वेळा “अमिताभ बच्चन!” असा पुकारा होतो. हसा, दाद द्या. संवादाची सुरुवात फुकटात मिळाली आहे.

आणि दोन विषय पहिल्या दिवशी काढायचे नाहीत. एक म्हणजे रंग. “तुम्ही इजिप्शियनांपेक्षा काळे कसे?” असा प्रश्न मी आपल्याच माणसाच्या तोंडून ऐकला आहे, तेही त्याला वाटलं म्हणे कौतुकाने. दुसरा धरण. १९०२ चं जुनं धरण, त्याची १९१२ आणि १९३३ ची वाढवलेली उंची, आणि मग उंच धरणासाठी १९६३-६४ मध्ये इजिप्तमधल्या सुमारे पन्नास हजार नुबियनांना अस्वानच्या उत्तरेला कोम ओंबोकडे हलवणं. तुम्ही ज्या आजींसमोर बसला आहात त्यांचे नातलग बुडालेल्या गावचे असू शकतात. ‘धरणग्रस्त’ हा शब्द ज्या भाषेत आहे, कोयना आणि मुळशी ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे वेगळं समजावायला नको. त्यांनी विषय काढला तर ऐका. काढला नाही तर अस्वानमधलं नुबिया संग्रहालय बघा, १९९७ पासून आहे. गावात येण्याआधी एक दुपार तिथे काढलीत तर निम्मे भाबडे प्रश्न आपोआप गळतात.

तपासा: पहिल्या रात्री झोपण्याआधी, शेजारच्या किमान एका घरातल्या माणसाला तुम्ही तोंडओळखीने सलाम करू शकता का? नसेल तर उद्याचा पहिला कार्यक्रम तोच.

## टप्पा ७: तुमचा सराव, त्यांची गल्ली

वेळ. फजरची अजान सूर्योदयाच्या साधारण सव्वा ते दीड तास आधी होते. तुमचा ओंकार, घंटा, तिबेटी वाटी हे सगळं अजानच्या वेळी बंद, आणि नंतरही दार-खिडक्या लावून. गच्चीवर वीस जणांनी खड्या आवाजात ओम म्हणणं हा शेजाऱ्यांना कार्यक्रम वाटतो, आणि काहींना त्यांच्या गावात चाललेली परधर्माची प्रार्थना. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळेत बाहेरचं काहीही ठेवू नका. बोटवालाही मशिदीतच असतो.

जागा. गच्चीवर शवासनात पडलेल्या बायका समोरच्या गच्चीवरून दिसतात. चादरीचा आडोसा मागा. यजमान आनंदाने बांधून देतात, कारण त्यांनाही शेजारी विचारतच असतात.

मौन. शिबिरात तीन दिवस मौन असतं. मग गल्लीतल्या हाग्गांनी सलाम केला की साधक नजर वळवून निघून जातो. सलामाला उत्तर न देणं हा तिथे अपमान आहे, तुमचं व्रत त्यांना कसं कळावं? यावर दोन उपाय. यजमानांनी आदल्या दिवशी शेजाऱ्यांना सांगून ठेवावं, आणि साधकाने छातीवर हात ठेवून, हसून, नीट मान लववावी. माझं स्वतःचं मत विचाराल तर “वअलैकुम सलाम” एवढ्याने कुणाचं मौन मोडत नाही.

दारू. शहरातल्या हॉटेलात मिळते म्हणून गावात आणू नका. विषय संपला.

## टप्पा ८: जेवण, विशेषतः शाकाहाऱ्यांसाठी

“लहमा नको” म्हटलं की काम झालं असं समजून पुष्कळ जण फसतात. लहमा म्हणजे लाल मांस. कोंबडी आणि मासे त्यात धरत नाहीत, आणि मुलुखियाची हिरवी भाजी बहुधा कोंबडीच्या रश्श्यात शिजते. पूर्ण वाक्य पाठ करा: “मिन गेर लहमा, वला फिराख, वला समक, वला शोरबा.” मांस नको, कोंबडी नको, मासा नको, रस्साही नको. आणखी एक उपयोगी शब्द, “सियामी”. कॉप्टिक ख्रिस्ती लोकांच्या उपासाचं अन्न. त्यात मांस, अंडी, दूध काहीच नसतं. मासा मात्र काही उपासांत चालतो, म्हणून “वला समक” पुन्हा जोडा.

हे सगळं स्वयंपाक करणाऱ्या बाईंना आदल्या संध्याकाळी सांगा, ताट समोर आल्यावर नाही. फूल (बाकल्याच्या दाण्यांची उसळ म्हणा), तामिया (बाकल्याचे तळलेले वडे), मसूर सूप, तहिना (तिळाची चटणी), भेंडी, ताजी भाकरी यांवर आठवडा मजेत निघतो. कांदा-लसूणही चालत नसेल तर मात्र डबा सोबत हवा, त्या स्वयंपाकघराची परीक्षा घेऊ नका.

उजव्या हाताने खा. आपल्याला ते शिकवावं लागत नाही. जेवण झाल्यावर बाईंना “तस्लम ईदेकी” म्हणा, तुमचे हात सलामत राहोत. अन्नाचा दर जेवणानंतर घासाघीस करून ठरवणं यासारखं लाजिरवाणं दुसरं काही नाही.

गल्लीच्या कडेला मोठे मातीचे माठ दिसतील, त्यांना झीर म्हणतात. ती पाणपोई आहे, कुणीतरी पुण्य म्हणून भरलेली. त्यात हात घालू नका, बाटली विसळू नका. तुमच्या पोटाला नळाचं पाणी झेपणार नाही, म्हणून पिण्यासाठी मोठा कॅन मागवा. लहान बाटल्यांचा ढीग बेटावरून कुणाला तरी बोटीनेच बाहेर न्यावा लागतो.

## टप्पा ९: नदी

काठ म्हणजे गावाची मागची पडवी. कुणाची बोट बांधलेली, कुणी भांडी घेऊन आलेलं, कुणाच्या म्हशी पाण्यावर. आधी यजमानांना विचारा: कुठे उतरायचं, कुठे नाही.

साचलेल्या, लव्हाळ्यांच्या पाण्यात पाय घालू नका. नाईलच्या संथ पाण्यात बिल्हार्झिया या परजीवी रोगाचा धोका असतो. गोगलगाईंतून निघालेल्या अळ्या कातडीतून आत शिरतात. वाहत्या मध्यधारेत धोका कमी, पण प्रवाह ओढतो. जुन्या प्रपाताचे खडक अजून पाण्याखाली आहेत. स्थानिक नावाडी सोबत असल्याशिवाय पोहू नका. पोहताना बायकांनी पूर्ण बाह्यांचा पोशाख घालावा, पुरुषांनीही उघड्या अंगाने गल्लीतून परतू नये.

आणि आता खास आपल्यासाठी. द्रोणात दिवा सोडणं, फुलं, नाणी, हळदकुंकू, शिबिराच्या शेवटच्या दिवशीचं “निर्माल्य” यातलं काहीही नाईलमध्ये सोडू नका. तुम्हाला ती नदीपूजा वाटते, काठावर भांडी घासणाऱ्या बाईला तो कचरा. या नदीशी नातं जोडायचे त्यांचे स्वतःचे जुने रिवाज आहेत. त्यांत आपले घुसडायचे नाहीत.

## टप्पा १०: कॅमेरा, मगर, मेंदी

आता कॅमेरा काढा, तिसऱ्या दिवशी. भिंतीचा फोटो घ्यायला हरकत नसते, पण दार उघडं असेल तर आतलं घर चौकटीत येतं. माणसाचा घेण्याआधी “मुम्किन सूरा?”, म्हणजे फोटो काढू का, असं विचारा. बाईंनी नाही म्हटलं की तो नकार कायमचा, दुरून झूम लावणं हा सरळ विश्वासघात. मुलांचा फोटो आईला विचारूनच.

गर्ब सोहेलमध्ये काही घरांत पिंजऱ्यात किंवा टाक्यात मगरी ठेवलेल्या असतात. तोंड बांधलेलं पिल्लू हातात देऊन फोटो काढतात. मी ते करत नाही आणि तुम्हीही करू नये असं सांगते. पण नकार देताना घरमालकाला प्राणिप्रेमावर भाषण देऊ नका. “ला, शुक्रन” म्हणा, चहाचे पैसे द्या, निघा.

मेंदी काढायची तर दर आधी. “काळी मेंदी” टाळा, त्यातल्या रसायनाने कातडी भाजते. लग्नाचं बोलावणं आलं तर जा. पाकिटात रोख रक्कम द्यायची रीत आहे, आपल्या आहेरासारखी. किती, ते यजमानांना विचारा. नवरीच्या मैत्रिणींचे व्हिडिओ नाहीत.

## टप्पा ११: निघताना

हिशोब आदल्या संध्याकाळी. बोट धक्क्याला लागलेली असताना बिलावरून वाद घालणारा गट फार दिवस लक्षात राहतो. बक्षिसी स्वयंपाकीण, सफाई करणारा, नावाडी यांना वेगवेगळी आणि हातात द्या. सगळी रक्कम आयोजकाकडे देऊन “वाटा” म्हणू नका.

जाण्याआधी पहिल्या दिवशीच्या त्याच ओट्यांवर पुन्हा एक फेरी मारा. चहा होईल, वेळ धरून ठेवा.

“फोटो पाठवते” असं ज्यांना म्हणालात त्यांची नावं वहीत लिहून घ्या, नंबर यजमानांचा चालेल. परतल्यावर आठवड्याच्या आत पाठवा. हाग्गांकडे स्मार्टफोन असेलच असं नाही. त्यांचा फोटो कागदावर छापून पुढच्या जाणाऱ्याच्या हाती द्या.